खाडीत कापलं, आता काय?

प्रश्न : आमचे सासरे ६४ वर्षांचे, साखर आहे. परवा ओहोटीला कालवं फोडताना पायाला धार लागली. हळद दाबली आणि पुन्हा पाण्यात उतरले. 'खारं पाणी जखम धुऊन काढतं' म्हणतात. खरं का हो, डॉक्टर?
- एक सूनबाई, दापोली तालुका

उत्तर : नाही, ताई. जखम भरेपर्यंत त्यांना खाडीत उतरू देऊ नका. नदीचं गोडं पाणी जिथे समुद्राला मिळतं, तिथल्या कोमट, मचूळ पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जंतू राहतो. त्याला जगायला मीठ लागतंच. पाणी काचेसारखं नितळ असलं तरी तो असू शकतो.

माझ्याकडे एक खेकडेवाले आले होते. सकाळी अंगठ्याला नांगी लागलेली, दारूने लिव्हर आधीच खराब. संध्याकाळी हात कोपरापर्यंत सुजला होता, मनगटावर जांभळे, रक्ताळलेले फोड. जखम दिसायला टाचणीएवढी आणि कळ अशी की चादर लागली तरी ओरडत. रात्रीतच हात उघडून सडलेला भाग काढला. दोन बोटं गेली, माणूस वाचला. हा जंतू रक्तात उतरला की एक-दोन दिवसांतही जीव जातो. धडधाकट माणसाला सहसा इतकं होत नाही. लिव्हरचा आजार आणि मधुमेह असणाऱ्यांना मात्र फार जपावं लागतं.

मासे साफ करतानाही हे होतं. १९९६ साली इस्रायलमध्ये तळ्यातले जिवंत तिलापिया हाताळताना काटे टोचून बऱ्याच जणांना या जंतूची लागण झाली होती. गोड्या पाण्यात, शेततळ्यात एरोमोनास नावाचा दुसरा जंतू असतो, तोही जखमेतून शिरतो.

सासऱ्यांची जखम रोज साबणाने आणि स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवा, कोरडी पट्टी बांधा, हळद नको. धनुर्वाताची सुई झाली आहे का बघा. लाली पसरली, ताप-थंडी आली, फोड उठले किंवा जखमेच्या मानाने दुखणं फारच जास्त वाटलं, तर सकाळची वाट पाहू नका, शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठा. आणि दारातच सांगा : "खाडीत कालवाने कापलंय, साखर आहे." हे मी मुद्दाम सांगतोय, कारण साध्या जखमेच्या गोळ्या इथे पुरत नाहीत. डॉक्सिसायक्लिनच्या जोडीला सेफ्ट्रिअॅक्झोनसारखं इंजेक्शन लागतं, आणि पाण्याचं कळलं नाही तर ते कुणाला सुचायचं?

पुढे उतरतील तेव्हा पायात गमबूट, हातात जाड मोजे. आणि कालवं कच्ची चाखायची सवय असेल तर ती बंदच करायला लावा. पोटातूनही हा जंतू रक्तात जातो. चांगली शिजवून खुशाल खाऊ द्या.