परदेशी नोकरी, भाड्याचं घर

प्रश्न : दोन वर्षांसाठी परदेशात शिकवायला जायचंय. घर इथूनच ठरवावं का?

उत्तर : नको. पहिले दोन-तीन आठवडे संस्थेच्या अतिथिगृहात काढा. न पाहिलेल्या घराची अनामत आधीच मागणारा बहुधा भामटाच! दीर्घ रजेवर जाणाऱ्या प्राध्यापकांची सामानासकट घरं कुठे मिळतील, हे संस्थेतच विचारा. ती अनेकदा स्वस्त पडतात. नुसता भाड्याचा आकडा फसवा असतो. त्यात वीज, पाणी, हीटिंग, इंटरनेट आणि रोजचा प्रवास मिळवा, मगच तुलना करा. तिथल्या बँकेत तुमची पत नसल्यानं घरमालक कचरतात. नेमणूकपत्र आणि आधीच्या घरमालकाचं पत्र जवळ ठेवा. नोकरी मध्येच संपली तर महिन्याच्या नोटिशीवर घर सोडता येईल, असं कलम करारात घालून घ्या. किल्ली घेताना भिंती, नळ, शेगडी यांचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला ईमेल करा, नाहीतर जुन्या डागांपायी अनामत कापली जाते.