एबीजीसाठी, म्हणजे धमनीतल्या रक्तातले वायू मोजायच्या तपासणीसाठी, रक्त मनगटातूनच का काढतात? आणि सॅम्पल बर्फात घालून बाहेरच्या लॅबला पाठवलं तर चालतं का?

तुम्ही लिहिलंय की सीओपीडी (श्वास अडवणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) असलेले बाबा घोडबंदर रोडवरच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये आहेत, रोज मनगटात सुई टोचतात तेव्हा ते कळवळतात, आणि तिथे एबीजीचं मशीन नसल्याने वॉर्डबॉय सॅम्पल बर्फाच्या डब्यातून दुसरीकडे नेतो. मी नवी मुंबईत आयसीयूत स्टाफ नर्स आहे, ही सॅम्पल्स काढणं माझं नेहमीचंच काम. दुखण्याबद्दल सांगतेच, पण मला जास्त काळजी वाटते ती त्या डब्याच्या प्रवासाची.

कोपरातल्या शिरेतलं रक्त ऑक्सिजन वाटून परत निघालेलं असतं. फुप्फुसांनी रक्तात किती ऑक्सिजन भरला हे धमनीतल्या रक्तातच कळतं. मनगटातली धमनी बोटांना सहज लागते, शिवाय करंगळीच्या बाजूने दुसरी धमनी पंजाला रक्त पुरवत असते, म्हणून पहिली पसंती मनगटाला. ती दुसरी धमनी नीट चालते ना, हे दोन्ही दाबून आणि मग तिला सोडून तळव्याचा रंग परततो का यावरून बघतात. ही अ‍ॅलन टेस्ट. तिच्या भरवशाबद्दल मतभेद आहेत, तरी मी करते. धमनी शिरेपेक्षा खोल असते, म्हणून जास्त दुखतं. आधी ती जागा बधिर करता येते. डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका.

आता प्रवास. सिरिंजमध्ये आल्यावरही रक्तातल्या पेशी जिवंतच असतात. त्या ऑक्सिजन खर्च करत राहतात, कार्बन डायऑक्साइड वाढतो, पीएच उतरतो, म्हणजे रक्त जास्त आम्लधर्मी दिसतं. म्हणून प्लॅस्टिकच्या सिरिंजमधलं सॅम्पल बर्फाशिवाय, ३० मिनिटांच्या आत मशीनवर लागायला हवं. बर्फ ही काचेच्या सिरिंजच्या काळातली सवय. प्लॅस्टिकची सिरिंज बर्फात ठेवली की ऑक्सिजनचा आकडा बिघडू शकतो, पोटॅशियमही खोटं वाढतं. आणि संध्याकाळी कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास कुठे जातो, हे ठाणेकराला मी काय सांगू!

त्यात सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर उलटीच गंमत. हवेतल्या ऑक्सिजनचा दाब साधारण १५० (मिमी पारा) आणि कार्बन डायऑक्साइड जवळपास शून्य. बाबांचा ऑक्सिजन ५५ असेल तर तो वाढलेला दिसतो आणि कार्बन डायऑक्साइड कमी. म्हणजे पेशंट आहे त्यापेक्षा बरा वाटतो. रक्त गोठू नये म्हणून वापरलेलं पातळ हेपरिन सिरिंजमध्ये जास्त राहिलं तरी कार्बन डायऑक्साइड कमीच येतो. सीओपीडीत नेमका तोच आकडा महत्त्वाचा, कारण बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तो दाखवत नाही.

म्हणून रिपोर्ट हातात आला की आधी त्यावरच्या दोन नोंदी बघा: रक्त काढल्याची वेळ आणि मशीनवर लावल्याची वेळ. ऑक्सिजन किती लिटरवर चालू होता हेही त्यावर हवं, नाहीतर ऑक्सिजनच्या आकड्याचा अर्थच लागत नाही. बाबा स्थिर असतील तर शिरेतल्या रक्ताची गॅस टेस्ट आणि ऑक्सिमीटर यांवर भागेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. पीएचचा अंदाज त्यातूनही चांगला येतो आणि मनगट वाचतं. पण बायपॅप (मास्कमधून श्वासाला आधार देणारं मशीन) लावून दर काही तासांनी सेटिंग बदलत असतील, तर माझ्या मते एबीजीचं मशीन जागेवर असलेलं हॉस्पिटल गाठावं. अर्थात हलवण्याची जोखीम किती, हे बाबांना तपासणारे डॉक्टरच सांगू शकतील.

एक काम मात्र तुम्ही स्वतः करू शकता. सुई निघाल्यावर ती जागा घड्याळ लावून पाच मिनिटं घट्ट दाबून धरावी लागते, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आणखी जास्त वेळ. घाईच्या वॉर्डात सगळ्यात आधी यातच काटछाट होते. सिस्टरना सांगून तुम्ही दाबून धरा, मध्येच उचलून बघू नका. नंतर बोटं पांढरी किंवा गार पडली, मुंग्या आल्या किंवा मनगट सुजलं तर लगेच दाखवा.