उत्तर: लीड मी, पण माणसं दुसऱ्यांची

तुमची पोस्ट दोनदा वाचली. नवीन पार्टच्या डेव्हलपमेंटचं लीड तुमच्याकडे, पण टूलरूम (जिथे साचे बनतात, दुरुस्त होतात), क्वालिटी, परचेस यांतलं कुणीच तुम्हाला रिपोर्ट करत नाही. साहेब म्हणतात, "गोडीगुलाबीने करून घे." टूलरूमचे सुपरवायझर वयाने मोठे, तारखेला हो म्हणतात आणि काम होत नाही. शेवटी तुम्ही विचारलंय, की सगळ्या उशिरांची यादी करून, प्लांट हेडना सीसीत ठेवून मेल तयार आहे, पाठवू का? या एका ओळीसाठी एवढं लांब लिहिते आहे. नका पाठवू.

मी चाकणला प्लास्टिक पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत तुमच्याच जागेवर होते. टाइमिंग प्लॅन, मिनिट्स, फॉलोअप हे तुम्हाला येतच असणार, त्यात शिरत नाही.

माझ्या मोल्डला, म्हणजे साच्याला, पहिल्या ट्रायलमध्ये पार्टिंग लाइनवर फ्लॅश आला: साच्याचे दोन भाग मिळतात तिथून प्लास्टिक बाहेर आलं. इन्सर्ट, म्हणजे साच्यात बसवलेला सुटा तुकडा, दुरुस्त करायचा होता, टूलरूमने चार दिवस मागितले. आठवा दिवस उजाडला तरी इन्सर्ट टेबलावर तसाच. ग्राहकाला सॅम्पल द्यायची तारीख तोंडावर आलेली. रात्री अकरा वाजता मी मेल लिहिला: चौदा जण, प्लांट हेड सीसीत, सोबत एक्सेल, टूलरूमच्या सगळ्या ओळी लाल. मी एकही खोटं अक्षर लिहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये प्लांट हेडनी टूलरूमच्या सुपरवायझर काकांना सगळ्यांसमोर झापलं. काका खाली बघून ऐकत राहिले, एक शब्द बोलले नाहीत.

इन्सर्ट त्याच दिवशी संध्याकाळी मिळाला. मला वाटलं, जमलं.

त्यानंतर टूलरूममध्ये माझं प्रत्येक काम कागदावर गेलं. पूर्वी एखादी धार मारायची असली की काका जेवणाच्या सुट्टीत करून द्यायचे. आता जॉब कार्ड, त्यावर माझ्या साहेबांची सही, मग रांग. कुणी नाही म्हणत नव्हतं, म्हणून तक्रारही करता येत नव्हती. दोन आठवड्यांत संपणाऱ्या दुरुस्त्यांना दोन महिने लागले. ग्राहकाकडे मी तारीख तीनदा बदलून मागितली.

खरं कारण मला खूप उशिरा कळलं. त्या आठ दिवसांत स्टील कोरणाऱ्या स्पार्क मशीनवर प्रॉडक्शनचा एक चालू मोल्ड चढला होता. त्याची पिन तुटली होती, लाइन थांबली असती. प्रॉडक्शनने परस्पर सांगितलं आणि काकांनी घेतलं. मीटिंगमध्ये त्यांनी हे सांगितलं असतं तर प्रॉडक्शनच्या माणसाला ऐकून घ्यावं लागलं असतं, म्हणून ते गप्प राहिले. आणि मी आठ दिवसांत टूलरूमची पायरी एकदाही चढले नव्हते. फक्त रिमाइंडर पाठवत होते.

माफी मागायला मी दुपारच्या चहाच्या वेळी गेले. मेल चौदा जणांना गेला होता, म्हणून केबिनमध्ये न बोलवता त्यांच्या हाताखालच्या पोरांसमोरच बोलले. काका हातातला कॅलिपर पुसत होते. म्हणाले, "मॅडम, एकदा येऊन विचारलं असतं ना, तर मीच सांगितलं असतं." तेवढंच. मग त्यांनी मला मशीनशेजारच्या भिंतीवर खडूने लिहिलेली कामांची यादी दाखवली. आमच्या एक्सेलपेक्षा ती यादी खरी होती.

पुढे मी रोज सकाळी ती यादी बघायला जायला लागले. प्रॉडक्शनचं काम मध्ये घुसलं की मीच प्रॉडक्शनकडे जाऊन बोलायचे, काकांना मध्ये पडावं लागू नये म्हणून. ड्रॉइंगची रिव्हिजन येणार असल्याची नुसती कुणकुण लागली तरी आधी त्यांच्या कानावर घालायचे, कारण कापलेलं स्टील परत सहज जोडता येत नाही. काम वेळेत झालं की त्याच चौदा जणांना मेल, काकांच्या नावासकट. गोड बोलणं यात कुठेच नव्हतं. समोरच्याची अडचण आपल्याला ठाऊक असणं आणि त्यातली थोडी आपण उचलणं, एवढंच होतं. माझ्या मते हेच टिकतं.

याला कमी लेखू नका. टोयोटाने १९५० च्या दशकात गाडीच्या विकासासाठी 'शुसा' म्हणजे मुख्य अभियंता नेमायला सुरुवात केली. केन्या नाकामुरा क्राउनचे शुसा होते, ती गाडी १९५५ मध्ये बाजारात आली. पूर्ण गाडीची जबाबदारी शुसाची, पण वेगवेगळ्या विभागांतले इंजिनिअर त्याच्या हाताखाली नसतात. जपानी लोकांचाच 'नेमावाशी' हा शब्द आहे: झाड दुसरीकडे लावायच्या आधी मुळांभोवती खणून त्याला तयार करणं. मीटिंगच्या आधी एकेकाला भेटून त्याची हरकत ऐकणं, असा त्याचा ऑफिसातला अर्थ. मीटिंगमध्ये पहिल्यांदाच तारीख विचारली की माणूस चारचौघांत हो म्हणतो. तुमच्याकडे हेच चाललंय असं मला वाटतं.

आता दुसरी चूक, जिच्यात माझे तीन महिने गेले. मला वाटलं, पद बदलून मिळालं की लोक ऐकतील. त्यासाठी कंपनीतल्याच एका ऑफिसच्या मागे लागले. आधी फॉर्म भरा, मग बँड (पदाची श्रेणी) बसत नाही, मग साहेबांची शिफारस आणा, ती आणली तर पुढच्या अप्रेझलला बघू. कुणी सरळ नाही म्हणालं असतं तर मी त्या दिवशी मोकळी झाले असते. याचा राग अजून आहे. सीएफटीच्या, म्हणजे सगळ्या विभागांच्या मिळून केलेल्या टीमच्या, कागदावर सह्या असतात, आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या क्वालिटी स्टँडर्डच्या ऑडिटला तो कागद कामी येतो, पण त्या सहीने कुणाचं मशीन तुमच्यासाठी रिकामं होत नाही.

साहेबांना मात्र सोडू नका. "करून घे" म्हणणाऱ्या साहेबांकडून दोन गोष्टी स्पष्ट घ्या. दोन प्रोजेक्ट एकाच मशीनवर आले तर आधी कोणतं, हे त्यांनी टूलरूमच्या साहेबांना स्वतः सांगायचं. आणि तुमच्या टीममधल्या माणसांच्या अप्रेझलच्या वेळी तुमचं मत विचारायचं. एवढंही द्यायला तयार नसतील तर ते स्वतःची जबाबदारी तुमच्या गळ्यात घालताहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा माझा अनुभव शॉप फ्लोअरचा आहे, आयटीत गणित वेगळं असू शकेल. युनियन असलेल्या प्लांटमध्ये आणखी वेगळं. आणि जिथे सेफ्टीचा किंवा खोट्या रिपोर्टचा प्रश्न असेल, तिथे गाठीभेटी करत बसू नका, त्याच क्षणी लेखी वर कळवा. साध्या उशिरासाठीही कधी वर जावं लागतंच. तेव्हा आधी त्या माणसाला सांगा: "उद्या मी हे वर नेणार आहे, तुमची बाजू काय लिहू?"

जाता जाता एक. परचेसवाल्यांशी महिनाअखेरीला बोलायला जाऊ नका, तेव्हा त्यांच्या डोक्यावर बिलं असतात. पाच-सहा तारखेनंतर जा.

तर तो मेल ड्राफ्टमध्येच राहू द्या. सोमवारी चहाच्या वेळी टूलरूममध्ये जा, लॅपटॉप न घेता, आणि तुमचं काम कशाच्या मागे थांबलंय तेवढं विचारा. काय म्हणाले ते इथे लिहा, मी बघते आहे.