टर्की शिजवलेलीच आणा, पण लेबल वाचून

प्रश्न: आम्ही अमेरिकेत राहतो. मुलांना यंदा थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी टर्की हवी आहे. सासू-सासरे सांगलीहून आलेत, सासूबाई पक्क्या शाकाहारी. अख्खा कच्चा पक्षी साफ करून भाजायचा माझ्यात धीर नाही. शिजवलेली विकत आणली तर चालेल का? की ते अगदीच काहीतरी उरकल्यासारखं दिसेल?

चालेल. मी तर म्हणेन, तुमच्या घरी तीच आणा. बारा पौंडांची गोठलेली कच्ची टर्की फ्रीजमध्ये सुटी व्हायलाच तीन दिवस घेते. मग धुणं-पुसणं, कच्च्या मांसाचं पाणी ओट्यावर सांडणार नाही हे बघणं, वर तीनेक तास ओव्हन अडकलेला. आणि आपल्या कितीतरी घरांत ओव्हन म्हणजे कढया आणि पोळ्यांचे तवे ठेवायची जागा! सासूबाई घरात असताना हा सगळा पसारा मांडण्यापेक्षा तो वेळ त्यांच्याबरोबर बसण्यात गेलेला बरा. उरकण्याचं म्हणाल, तर अमेरिकन घरांतूनही अशा ऑर्डरी सर्रास जातात. होल फूड्स, सेफवे, पब्लिक्ससारखी दुकानं टर्कीसकट अख्खं जेवण आगाऊ नोंदवून घेतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा, शेवटच्या आठवड्यात हवा तो आकार मिळत नाही.

आता लेबल. इथे घाई करू नका. 'फुली कुक्ड' असं स्पष्ट छापलेलं असेल तरच ती शिजलेली. 'ओव्हन रेडी' म्हणजे मसाला लावून पिशवीत भरलेली कच्ची टर्की. ती नुसती गरम करून वाढली तर घरदार आजारी पडेल. 'स्मोक्ड' एवढ्यावरही विसंबू नका, पुढची ओळ वाचा. धुरावलेली टर्की पूर्ण शिजल्यावरही आतून गुलाबी दिसते, तेव्हा रंगावरून काही ठरवू नका. शिजवून गोठवलेलीही मिळते. तिला सुटं व्हायला दर चार-पाच पौंडांमागे फ्रीजमध्ये एक दिवस धरा.

माणशी एक ते दीड पौंड असा इथला हिशेब असतो. पण आपल्या पानात पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभातही असणार आणि खाणारी तोंडं तीन-चारच. अख्खा पक्षी कशाला? नुसती शिजवलेली ब्रेस्ट आणा. कापायला सोपी, फ्रीजमध्ये मावते. मुलांचा हट्ट टेबलावर अख्खी टर्की बघण्याचाच असेल, तर मात्र दुकानातली सगळ्यात लहान घ्या.

गरम आणायची की थंड? थंड. गरमागरम घेतली तर दोन तासांच्या आत पानात पडायला हवी, आणि आपली मंडळी सांगितलेल्या वेळेला जमणं कठीण. उशीर होणारसं दिसलं तर मांस हाडांवरून सोडवून उथळ डब्यांत भरा आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवा; गरम आणलेली टर्की अख्खीच्या अख्खी आत सारू नका. थंड पाकीट बुधवारीच घेऊन या. गुरुवारी पुष्कळ दुकानं लवकर बंद होतात, कॉस्टको तर उघडतच नाही. फ्रीजमध्ये ती ताटात, सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा. सासूबाईंचं श्रीखंड वरच्या.

गरम करताना पाकिटावरची वेळ पाळा. ओव्हन ३२५ अंश फॅरनहाइटच्या खाली नको. तळाशी कपभर स्टॉक (हाडं किंवा भाज्या उकळून गाळलेलं पाणी) ओता आणि वरून फॉइल घट्ट बसवा, नाहीतर मांस कोरडं ठणठणीत होतं. मांसात खुपसायचा थर्मामीटर थोड्या डॉलरांत मिळतो, तो घ्याच. छातीच्या आणि मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसा. १६५ अंश दिसले की काढा. स्लाइस केलेली असेल तर हेच काम पटकन होतं.

शाकाहारी माणसासाठी धोका टर्कीपेक्षा भोवतालच्या पदार्थांत जास्त. तयार जेवणातलं स्टफिंग, म्हणजे पावाचं सारण, बहुतेकदा चिकनच्या स्टॉकमध्ये भिजवलेलं असतं, रताळ्यावरच्या मार्शमॅलोत जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं जिलेटिन असतं, सारण भरून भाजलेल्या 'पाय' (pie) या पदार्थाच्या पारीत काही वेळा डुकराची चरबी. सासूबाईंना "हे व्हेजच आहे" असं वाचल्याशिवाय सांगू नका. क्रॅनबेरी सॉस बहुधा चालतो, मक्याचं कणीस चालतं. त्यांचं जेवण वेगळ्या भांड्यांत आणि आधी करून ठेवा. सोय म्हणून त्यांच्यापुढे नुसता वरणभात ठेवू नका. पुरणपोळी नाहीतर मसालेभात, काहीतरी सणाचं हवं.

आणखी एक गोष्ट त्यांना आधी विचारून घ्या. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो आणि काही वर्षी तोच मार्गशीर्षातला गुरुवार असतो. २०२५ मध्ये २७ नोव्हेंबरला असंच झालं. घट मांडलेल्या घरात त्या दिवशी टर्की नकोच. शुक्रवारी मुलांना सुट्टीच असते, तुम्हालाही बहुधा असेल. न उघडलेलं पाकीट तारीख बघून एक दिवस पुढे ढकलता येतं. इथे शिजवलेली टर्की खरी कामाला येते. मुलांना कारण समजावून सांगा, एका दिवसासाठी ती रुसणार नाहीत.

उरलेलं तीन-चार दिवसांत संपवा, नाहीतर गोठवा. मांस चांगलं खारट असतं, म्हणून रश्शात मीठ शेवटी, चव बघून. हाडं पाण्यात आलं-लसूण घालून तासभर उकळा, गाळून घ्या, खोबऱ्या-कांद्याचं वाटण परता आणि वरून कोल्हापुरी चटणी. मांस अगदी शेवटी घाला आणि एक दणदणीत उकळी येऊ द्या.