पुण्याला पाठवायचं की घरीच ठेवायचं?

इंजिनिअरिंगच्या सीईटीचा निकाल लागून कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, ऑप्शन फॉर्मची (कॉलेजांच्या पसंतीक्रमाची) तारीख जवळ आली, की माझ्या सांगलीच्या समुपदेशन केंद्रात एकच प्रश्न फिरून फिरून येतो. "मॅडम, पुण्याला पाठवायचं की घरीच ठेवायचं?" कधी विचारणारे तासगावचे बागायतदार असतात, कधी विट्याचे गलाईवाले (सोनं-चांदी गाळणारे), कधी इथल्याच गावभागातले नोकरदार. मुलाच्या आईला जेवणाची काळजी, मुलीच्या वडिलांना सुरक्षिततेची. मुलं बहुतेक वेळा गप्प. हातात एक कागद असतो, मधे रेघ, डावीकडे फायदे आणि उजवीकडे तोटे. दोन्ही बाजू सारख्याच लांबीच्या, आणि म्हणूनच ते माझ्याकडे आलेले असतात.

तो कागद मी टेबलावर उलटा ठेवते. जो प्रश्न फायद्या-तोट्यांच्या यादीने सुटत नाही, तो बहुधा यादीत लिहिलेलाच नसतो, हे इतक्या वर्षांत मला पक्कं कळलं आहे. हे समजावून सांगताना मला नेहमी सई आठवते. नाव आणि ओळखीचे तपशील अर्थातच बदलले आहेत, आणि बऱ्याच भेटींत झालेलं बोलणं इथे थोडक्यात आणलं आहे.

सईचं घर मिरजेत. वडिलांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, धाकटा भाऊ आदी आठवीत. सईला पर्सेंटाइल चांगले होते. सांगलीत तिला कॉम्प्युटर शाखा मिळण्याची शक्यता होती; पुण्यात नाव मोठं असलेल्या कॉलेजात ईअँडटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन. वडिलांचं म्हणणं, "अर्ध्या तासावर कॉलेज आहे, घरचं जेवण आहे. कशाला पोरीला दुसऱ्याच्या दारात टाकायचं?" आईचं म्हणणं, "मिरज-सांगली करण्यात जन्म जाईल तिचा. जग बघू दे की जरा." आणि सई म्हणाली, "तुम्ही दोघं ठरवा. मला काहीही चालेल."

अठरा वर्षांची मुलगी स्वतःच्या कॉलेजबद्दल 'काहीही चालेल' म्हणते तेव्हा माझे कान टवकारतात. हिला मत नाही असं नसतं. मत उघड करणं तिला परवडणारं नसतं.

बसण्याची व्यवस्थाही बोलकी होती. तिघं आत आली आणि न ठरवता सई मधल्या खुर्चीवर बसली. थोड्या वेळाने वडील तिला म्हणाले, "आईला सांग, स्कोअरकार्ड काढ म्हणावं." आई एका खुर्चीपलीकडे बसलेली, सगळं ऐकू जात होतं. तिने पर्समधून कागद काढला, सईच्या हातात दिला, सईने तो वडिलांना दिला. मग आई सईलाच म्हणाली, "विचार त्यांना, बँकेत गेले होते तरी का कर्जाचं बघायला? का नुसतंच दुकान?" सई वडिलांकडे वळली आणि म्हणाली, "बाबा, बँकेत जायला जमलं का हो तुम्हाला?"

आईच्या वाक्यातला काटा तिने वाटेतच काढून टाकला होता. इतक्या सफाईने, की तिघांपैकी कुणालाही त्यात वेगळं काही घडल्याचं जाणवलं नाही. पुण्याचं हॉस्टेल, कॉट बेसिस, मेस, कर्जाचा हप्ता असं बरंच बोलणं पुढे झालं, पण माझं लक्ष त्या काट्यावरच होतं.

पुढच्या वेळी मी सईला एकटीला बोलावलं.

"आई-बाबांचे निरोप तूच पोचवतेस का नेहमी?"

"कसले निरोप?" तिला खरंच कळलं नाही. मी आधीच्या भेटीतला तो प्रसंग सांगितला तेव्हा ती हसली. "ते होय! त्याला काय निरोप म्हणायचं? ते दोघं फारसं बोलत नाहीत एकमेकांशी, एवढंच. मी नववीत होते तेव्हा आजीच्या दवाखान्याच्या खर्चावरून वाजलं होतं. तेव्हापासून असंच आहे. भांडण नाही हो. शांत असतं घर."

"मग तू पुण्याला गेलीस तर?"

ती बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"आदी आहे ना," मी म्हटलं.

"आदीला नाही जमायचं मॅडम." आणि मग एकदम डोळ्यांत पाणी. "तो जसंच्या तसं सांगतो."

अनेक भेटींत एखादंच वाक्य असं येतं की त्यानंतर समुपदेशकाला फारसं काही करावं लागत नाही. 'तो जसंच्या तसं सांगतो.' आठवीतल्या मुलाला काटे काढता येत नाहीत. आई जे म्हणेल ते तो तसंच बाबांच्या अंगावर फेकणार, बाबा जे म्हणतील ते आईच्या. सई घरी राहू पाहत होती ती घरच्या जेवणासाठी नव्हे, आणि भित्री होती म्हणूनही नव्हे. आपली जागा रिकामी झाली की त्या जागेवर कोण बसेल, हे तिला ठाऊक होतं. कागदावरच्या फायद्या-तोट्यांत हे कुठे लिहिणार?

तिला मी आणखी एक विचारलं. "तू पुणं म्हणालीस तर घरात कोण जिंकेल?" "आई." "आणि सांगली म्हणालीस तर?" "बाबा." ती थांबली. "म्हणून तर मी काहीच म्हणत नाही." मग हसली. तिच्या त्या हसण्यात सुटल्याचा भाव होता.

इथे माझा कल सांगते, लपवण्यासारखं त्यात काही नाही. मी एकट्या मुलाकडे बघून काम करत नाही, घराकडे बघून करते. अमेरिकेत 1950 च्या दशकात मरे बोवेन नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने आजारी मुलाबरोबर त्याच्या आई-वडिलांनाही संशोधनासाठी वॉर्डात राहायला बोलावलं आणि महिनोन्महिने त्यांचं वागणं पाहिलं. दोघांमधला ताण असह्य झाला की ते तिसऱ्याला मधे ओढतात, आणि तो तिसरा बहुधा मूल असतो, ही त्याच्या कामातून पुढे आलेली गोष्ट मला आपल्याकडच्या घराघरांत दिसते. त्याचं दुसरं म्हणणं मला याहून मोलाचं वाटतं. लांब निघून गेलेला माणूस घरापासून सुटलेला असेलच असं नाही, आणि घरात राहणारा अडकलेलाच असेल असंही नाही.

ते मी सांगलीत बसून रोज बघते. पुण्यात शिकणारा एक मुलगा माझ्याकडे येत असे. दर शुक्रवारी रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघायचा, पहाटे मिरजेला उतरायचा, पाठीवर आठवड्याचे मळके कपडे. रोज सकाळी त्याला उठवायला आईचा फोन. मेसमधल्या भाजीचा फोटो दुपारी आईला, आणि "दही घे त्याबरोबर" असं तिचं उत्तर. अंतर दोनशे किलोमीटरच्या वर, पण घर सोडलेलं नव्हतं. त्याची आई मात्र सगळ्यांना सांगायची, "आमचा बाहेर राहिला आणि मोठा झाला."

सईकडे परत येते. तिचा प्रश्न सोडवायचा तर आधी आई-बाबांशी बोलणं भाग होतं. त्यांना मी दोन खुर्च्या समोरासमोर ठेवून बसवलं, सई बाहेर. वडील पंख्याकडे बघत होते. मी फक्त एवढंच सांगितलं की फॉर्म भरेपर्यंत एकमेकांना जे सांगायचं ते थेट सांगायचं, मुलांच्या तोंडून नाही. मुलांनी निरोप घ्यायचा नाही, 'तुम्हीच बोला' म्हणायचं आणि उठून जायचं. आई पटकन म्हणाली, "हे बोलतच नाहीत, मी काय भिंतीशी बोलू?" वडील म्हणाले, "बोललं की शाळा सुरू होते." मी म्हटलं, हे तुम्ही आत्ता एकमेकांना ऐकवलंत, मधे कुणी नव्हतं. सुरुवात झाली.

पुढची गंमत सईने सांगितली. वडिलांनी पहिला आठवडा शेजारच्या खोलीतून बायकोला व्हॉट्सअ‍ॅप केलं. 'उद्या गॅस येणार आहे. घरी कोण?' आई रागावली, पण उत्तर दिलं. मला ते चाललं. मुलगी मधून बाजूला झाली होती, बाकीचं सावकाश होणार.

आईच्या पुण्याच्या आग्रहामागे काय होतं, तेही याच बैठकांत वर आलं. बारावीनंतर तिला पुण्यात शिकायचं होतं. तिच्या वडिलांनी सोडलं नाही, जवळच्या अध्यापक विद्यालयात घातलं. "नोकरी लागली, ते बरंच झालं," ती म्हणाली, "पण एस.टी. स्टँडवर पुण्याची पाटी दिसली की अजून बघते मी." नवऱ्याने हे पहिल्यांदाच ऐकलं होतं. इतकी वर्षं लेकीच्या नावाने जो हट्ट तो ऐकत आला होता, तो बायकोचा निघाला. मी आईला एवढंच म्हटलं, तुमचं राहिलेलं पुणं तुम्ही बघा, सईला तिचं ठरवू द्या. (ती पुढे सुट्टीतल्या एका प्रशिक्षणाला पुण्याला जाऊन आली, आठवडाभर, एकटी.)

या सगळ्यानंतर प्रश्न उरला तो साधा: शाखा, पैसा, अंतर. तो सईने एका दुपारी सोडवला. तिला कोडिंग आवडत होतं. तिने फॉर्ममध्ये पहिली पसंती सांगलीतल्या कॉम्प्युटरला दिली. जेवताना घरी सांगितलं, आणि वडिलांचा चेहरा खुलल्यावर लगेच म्हणाली, "तुमच्यासाठी नाही बाबा, कॉम्प्युटरसाठी." पाठोपाठ अटीही सांगितल्या. स्वतःचं बँक खातं. कॉलेजातून उशीर होणार असेल तर एक मेसेज, पण परवानगी नाही. रविवार तिचा. आणि निरोप बंद, आदीकडूनसुद्धा.

नातेवाईक म्हणाले, शेवटी घरीच राहिली. मला मात्र ती गेलेलीच वाटली.

आता तुमच्यापैकी ज्यांच्या घरी हाच प्रश्न आहे, त्यांच्यासाठी.

आधी मुलाला एकांतात विचारा, 'तू गेलास तर इथे काय बिघडेल असं तुला वाटतं?' उत्तर ऐकून लगेच 'असं काही नाही' म्हणू नका. आजीची इन्सुलिन, बाबांचं पिणं, आईचं रात्री जागणं, मुलांना सगळं माहीत असतं. त्यातलं जे मोठ्यांचं काम आहे ते मोठ्यांनी उचलायचं, आणि उचललं आहे हे मुलाला दिसलं पाहिजे.

घरात मारहाण असेल, किंवा घरातल्याच कुणाची भीती असेल, तर एवढा विचार नको. मुलाला बाहेर जाऊ द्या. उलट मूल नैराश्याच्या उपचारांत असेल, झोप-जेवण बिघडलेलं असेल, तर पहिलं वर्ष जवळ काढलेलं बरं. डॉक्टर आणि माणसं दोन्ही एकदम बदलू नयेत. अडचणीच्या वेळी बोलायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे, तो मुलाच्या मोबाइलमध्ये आधीच टाकून ठेवा.

पैशांबद्दल बोलायचं तर घोळ हमखास होतो. 2024-25 पासून वार्षिक आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक मागास, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ओबीसी मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं. ते ऐकून पालक म्हणतात, मग पुणं फुकटच. तसं नाही. कॉट, मेस, जाणं-येणं त्यात नाही, आणि खरा खर्च तोच असतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे. वसतिगृह न मिळालेल्यांना पुणे-मुंबईसारख्या शहरांत वर्षाला 60,000 रुपयांपर्यंत मिळतात. खुल्या आणि मराठा प्रवर्गातल्या मुलांनी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचे निकष बघावेत. पण हे पैसे खात्यात यायला वेळ लागतो, तेव्हा पहिल्या सहामाहीची तरतूद स्वतःची ठेवा. आकडे मुलासमोर मांडा. 'तू फक्त अभ्यास कर, पैशांचं आम्ही बघतो' असं म्हटल्याने मूल निश्चिंत होत नाही, ते मनात हिशेब करत बसतं.

फॉर्मबद्दल एकच. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ते आपोआप फ्रीझ होतं, म्हणजे तेच पक्कं होतं, पुढच्या फेरीत जाता येत नाही. त्यामुळे पहिल्या ओळीत 'बघू या लागतंय का' म्हणून काहीही लिहू नका. तिथे मुलाला जे खरंच हवं आहे तेच यायला हवं, आणि ते त्याने स्वतःच्या हाताने भरलेलं असावं. मी पालकांना सांगते, त्या वेळी तुम्ही दुसऱ्या खोलीत बसा.

रॅगिंगची भीती पुष्कळ पालक बोलून दाखवत नाहीत. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) रॅगिंगविरोधी हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, 1800-180-5522, आणि तक्रार नाव न सांगता करता येते. मुलाला हे सांगताना 'काही झालं तर' असं कापऱ्या आवाजात नको, बसचं वेळापत्रक सांगतो तसं सांगा.

आणि जाणारच असेल, तर फोन किती वेळा, पहिल्यांदा घरी कधी यायचं, कपडे कोण धुणार, हे निघण्याआधी ठरवा. ठरवताना मुलाला आधी बोलू द्या. तो म्हणाला की आठवड्यातून दोनदाच फोन, तर आईने 'रोज' म्हणून घासाघीस करू नये. पहिला महिना दोनदावर काढा, दिवाळीला आला की पुन्हा बोला.