वाचकांचे प्रश्न : मोबाइलवरचा फोन, इंटरनेटच्या वाटेने

मागील अंकात मोबाइलला घरात रेंज नसल्याच्या एका प्रश्नाला आम्ही दोनच ओळींत उत्तर दिले होते. ते अपुरे होते, हे त्यानंतर आलेल्या पत्रांवरून लक्षात आले. बहुतेक पत्रे ठाणे आणि नवी मुंबईतील आहेत. त्यांत ‘इंटरनेट कॉलिंग’ हा एकच शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरलेला दिसतो: आपल्याच सिमकार्डाचा फोन घरच्या वाय-फायवरून घेणे, एखाद्या एक्स्चेंजचा नंबर अ‍ॅपच्या साह्याने मोबाइलवर वाजवणे, आणि व्हॉट्सअ‍ॅपसारख्या अ‍ॅपवरून बोलणे. या तिन्हींत नंबर कोणाचा आणि आवाज कोणाच्या मार्गाने जातो, हे वेगवेगळे असते. म्हणून उत्तरे वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यालगतच्या संकुलात आम्ही एकविसाव्या मजल्यावर राहतो. बाल्कनीत रेंज मिळते, आतल्या खोल्यांत अजिबात मिळत नाही. फायबरचे इंटरनेट मात्र उत्तम चालते. मुलांशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणे होते. परंतु बँक, दवाखाना, गॅस एजन्सी हे सारे साध्या नंबरावर फोन करतात आणि ते लागत नाहीत. साधा फोन इंटरनेटवरून घेता येईल का? त्यासाठी कोणते अ‍ॅप घ्यावे?
(निवृत्त वाचक, ठाणे पश्चिम)

उत्तर : अ‍ॅप घेऊच नये. आपल्याला हवी असलेली सोय बहुधा आपल्या फोनमध्ये आधीच आहे आणि तिचे नाव ‘वाय-फाय कॉलिंग’ असे आहे. एअरटेलने ती डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केली. नंबर आपलाच राहतो, फोन करणाऱ्याला काहीही वेगळे करावे लागत नाही आणि इंटरनेट कोणत्याही कंपनीचे असले तरी फोन चालतो.

आधी कारण सांगतो, कारण आपल्यासारखीच तक्रार ढोकाळीपासून कासारवडवलीपर्यंतच्या उंच इमारतींतून येते. मोबाइल टॉवरचे अँटेना रस्त्यावरच्या आणि खालच्या मजल्यांवरच्या माणसांसाठी किंचित खाली झुकवलेले असतात. त्यामुळे वरच्या मजल्यांवर जवळच्या टॉवरची लहर चुकते आणि दूरच्या चार टॉवरच्या क्षीण लहरी एकमेकींत मिसळून येतात. त्यात काँक्रीटच्या भिंती आणि उष्णता परतवणाऱ्या, धातूचा पातळ थर असलेल्या काचा यांची भर पडते. बाल्कनीत रेंज आणि आत शून्य, याचा अर्थ तोच.

सोय सुरू करण्यासाठी आयफोनमध्ये ‘सेटिंग्ज’मधील मोबाइल सेवेच्या विभागात ‘वाय-फाय कॉलिंग’ हे बटण सापडेल. अँड्रॉइडमध्ये ते सिमकार्डाच्या पानावर असते; परंतु प्रत्येक उत्पादकाने त्याची जागा बदलून ठेवलेली असल्याने सेटिंग्जमधील शोधपट्टीत तेवढेच शब्द लिहिणे सोपे. दोन सिमकार्डे असतील, तर बटणेही दोन असतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पसंती विचारली गेल्यास आपण ‘वाय-फाय’ निवडावे. अन्यथा फोन क्षीण टॉवरलाच धरून बसतो. मग खात्री करून घेण्याचा एक खात्रीचा उपाय आहे: फोन विमान-अवस्थेत टाकावा, त्यानंतर फक्त वाय-फाय सुरू करावे आणि कोणाच्या तरी साध्या नंबरावर फोन लावावा. तो लागला, तर सोय सुरू झाली. न लागल्यास फोनमध्ये व्हीपीएनचे, म्हणजे सगळे इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारे, अ‍ॅप चालू आहे का, ते पाहावे. वाय-फाय कॉलिंगमध्ये फोन आपल्या कंपनीच्या केंद्रापर्यंत स्वतःचा सांकेतिक बोगदा तयार करतो, आणि दुसऱ्या बोगद्यातून जाताना तो पुष्कळदा अडतो. कार्यालयातील कडक फायरवॉलमागे ही सोय चालत नाही, त्याचेही कारण हेच.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात. वीज गेली की राउटर बंद पडतो आणि त्याबरोबर आपला फोनही. म्हणून राउटर आणि फायबरची पेटी इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्यावी किंवा राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस लावावा. दुसरे असे की, ११२ या आपत्कालीन क्रमांकावर वाय-फायवरून फोन केल्यास आपला ठावठिकाणा टॉवरवरून कळतो तसा कळेलच, असे गृहीत धरू नये. इमारत, विंग आणि मजला तोंडाने सांगावा.

प्रश्न : खारघर येथील आमच्या सोसायटीत नवे आयपी एक्स्चेंज बसवले असून, प्रत्येक सदनिकेला इंटरकॉमचा नंबर मोबाइल अ‍ॅपवर दिला आहे. बसवणाऱ्याने एका कागदावर सर्व्हर, युजरनेम आणि पासवर्ड लिहून दिले. काही सभासदांकडे अ‍ॅप नीट चालते, काहींकडे गेटवरच्या वॉचमनचा आवाज येतो पण आपला त्याला जात नाही, आणि काहींकडे फोन वाजतच नाही. जुना इंटरकॉम काढून टाकण्याचा ठराव पुढील सभेत आहे. काय करावे?
(सोसायटीचे सेक्रेटरी)

उत्तर : ठराव पुढे ढकलावा. कारण शेवटी सांगतो.

आपल्या एक्स्चेंजचा, म्हणजे सोसायटीच्या टेलिफोन केंद्राचा, व्यवहार इंटरनेटवरून फोन जोडण्याच्या एसआयपी या पद्धतीने चालतो, जिचे आजचे प्रमाणित रूप २००२ सालचे आहे. तिच्यात कामाची वाटणी असते: ‘फोन आला आहे’, ‘उचलला’, ‘ठेवला’ हे निरोप एका वाटेने जातात आणि प्रत्यक्ष आवाज दुसऱ्या वाटेने. घंटी वाजते पण आवाज एकाच बाजूने येतो, हा दोष या वाटणीतून जन्मतो. सभासदाचा मोबाइल स्वतःच्या घरच्या वाय-फायवर असतो आणि त्याला घरातला पत्ता मिळालेला असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.७. असा पत्ता लाखो घरांत असतो. मोबाइल निरोपात तोच लिहून पाठवतो की, आवाज इथे पाठवा. पाकिटावर सोसायटीचे नाव न लिहिता केवळ ‘बी-१४०३’ लिहून ते पोस्टात टाकावे, तसा हा प्रकार आहे. यावर उपाय म्हणून अ‍ॅपमध्ये ‘स्टन’ नावाची जागा असते. त्या सर्व्हरला विचारून अ‍ॅप आपला बाहेरून दिसणारा पत्ता जाणून घेते. बसवणाऱ्याने ती जागा भरून दिली नसेल, तर त्याच्याकडून भरून घ्यावी.

याच कामात काही राउटर स्वतःहून लुडबुड करतात. ‘एसआयपी एएलजी’ नावाची एक सोय त्यांत असते. ती निरोपांतले पत्ते आपल्या समजुतीने दुरुस्त करते आणि बहुतेक वेळा बिघडवून ठेवते. ज्या सभासदांना एकतर्फी आवाजाचा त्रास आहे, त्यांच्या राउटरमध्ये ती बंद करून पाहावी. माझ्या अनुभवात निम्म्या तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

फोन न वाजण्याचे कारण वेगळे आहे. घरचा राउटर हा गेटवरच्या वॉचमनसारखाच वागतो: आतून कोण बाहेर गेले, याची नोंद ठेवतो आणि त्याच नोंदीच्या आधारे उत्तराला आत सोडतो. काही काळ हालचाल झाली नाही की ती नोंद पुसली जाते, आणि मग एक्स्चेंजकडून आलेला फोन दारातच थांबतो. अ‍ॅपमध्ये ‘कीप-अलाइव्ह’ची, म्हणजे एक्स्चेंजला ‘मी आहे’ असे पुन्हा पुन्हा कळवण्याची, वेळ ३० सेकंदांच्या आत ठेवल्यास नोंद जिवंत राहते. परंतु अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी अ‍ॅपलाच झोपवत असेल, तर याचाही उपयोग होत नाही. म्हणून त्या अ‍ॅपपुरते बॅटरीचे निर्बंध काढून टाकावेत. आयफोनमध्ये असे निर्बंध काढता येत नाहीत. तिथे एक्स्चेंजने ‘पुश’ सूचना पाठवून अ‍ॅपला जागे करावे लागते. आपले एक्स्चेंज ते करते का, हा प्रश्न बसवणाऱ्याला लेखी विचारावा, कारण उत्तर ‘नाही’ असेल, तर आयफोनधारक सभासदांना कितीही सेटिंग्ज बदलून फायदा नाही.

काही सभासद अ‍ॅपशिवाय, थेट फोनच्या सेटिंग्जमध्ये खाते भरण्याचा प्रयत्न करत असतील. अँड्रॉइडमध्ये तशी सोय २.३ या आवृत्तीपासून होती, परंतु १२ व्या आवृत्तीपासून ती काढून टाकली आहे. नव्या फोनवर लिनफोन किंवा झॉइपरसारखे अ‍ॅप लागतेच.

आता एक्स्चेंजकडे पाहू. ते सोसायटीच्या कार्यालयात ठेवलेले असेल, तर त्या जोडणीला इंटरनेटवर स्वतःचा कायमचा पत्ता हवा. अनेक ब्रॉडबँड जोडण्यांत कंपनी एकच बाहेरचा पत्ता कित्येक ग्राहकांत वाटून देते; अशा जोडणीमागे बसलेले एक्स्चेंज बाहेरून कोणाला सापडत नाही. कायमचा पत्ता वेगळे पैसे भरून घ्यावा लागतो. आणि असा पत्ता घेतला की, जगभरचे चोर त्याच्या ५०६० या पोर्टवर, म्हणजे एसआयपीच्या ठरलेल्या दारावर, थापा मारू लागतात. नंबर १४०३ आणि पासवर्डही १४०३ असा कारभार असेल, तर तो आजच बदलावा, विशेषतः एक्स्चेंजला बाहेरची फोनलाइन जोडलेली असल्यास. कारण मग आपल्या नावावर परदेशी फोन लागतात आणि बिल मेंटेनन्समध्ये येते. शक्य असल्यास अ‍ॅपमध्ये ‘टीएलएस’ निवडावे, म्हणजे पासवर्ड आणि निरोप सांकेतिक रूपात जातील.

जुना इंटरकॉम काढू नये असे सुचवण्याचे कारण साधे आहे. तांब्याच्या तारेवरचा इंटरकॉम घरातली वीज गेली, राउटर बंद पडला किंवा मोबाइलधारक कामावर गेला, तरी गेटवरच्या बॅटरीवर चालतो. आणि दुपारी घरात असतात ते बहुधा ज्येष्ठ नागरिकच, ज्यांना भिंतीवरचा फोन उचलणे जमते. गेटवरून लावलेला फोन भिंतीवर आणि मोबाइलवर एकाच वेळी वाजेल, अशी रचना करता येते. ठराव करायचाच असेल, तर तो अशा रचनेचा करावा.

प्रश्न : तुर्भे येथील मसाला बाजारात आमचा गाळा आहे. २७ ने सुरू होणारा जुना लँडलाइन नंबर सर्व ग्राहकांकडे आहे. तो मोबाइलवर वाजावा, अशी इच्छा आहे. नव्या फायबर कंपनीकडे हा नंबर नेता येईल का?
(व्यापारी, नवी मुंबई)

उत्तर : नेता येणार नाही. मोबाइलचा नंबर कायम ठेवून कंपनी बदलता येते, तशी सोय लँडलाइनला आपल्याकडे नाही. फायबरबरोबर ०२२ चा जो नवा लँडलाइन नंबर मिळतो, तो मात्र मोबाइलवर आणता येतो. जिओच्या ग्राहकांना त्यासाठी जिओजॉइन हे अ‍ॅप आहे. त्यावरून केलेला फोन समोरच्याला लँडलाइनच्या नंबरावरून आलेला दिसतो. तेव्हा जुनी लाइन चालू ठेवून तिच्यावर कॉल फॉरवर्डिंग लावावे, बिलबुकावर आणि पाटीवर दोन्ही नंबर छापावेत आणि वर्षभराने जुन्या नंबरावर किती फोन येतात, ते पाहून निर्णय घ्यावा. फॉरवर्ड झालेल्या फोनचा खर्च जुन्या लाइनच्या बिलात धरला जातो, हे हिशेबात असू द्यावे.

प्रश्न : ठाणे ते वाशी प्रवासात मी अ‍ॅपवरून बोलते. याला डेटा किती लागतो? आणि वेग चांगला दिसत असतानाही आवाज का तुटतो?
(विद्यार्थिनी, ऐरोली)

उत्तर : डेटा फारच कमी लागतो. आवाज न दाबता पाठवणारी जी.७११ ही जुनी पद्धत धरली, तरी पाकिटांच्या (आवाज ज्या छोट्या तुकड्यांत पाठवला जातो, त्यांच्या) वेष्टनासह एका दिशेला सेकंदाला सुमारे ८७ किलोबिट, म्हणजे दोन्ही दिशा मिळून मिनिटाला साधारण १.३ एमबी होतात. अर्ध्या तासाच्या प्रवासात ४० एमबीच्या आसपास. ओपससारख्या नव्या पद्धती याहून पुष्कळ कमी घेतात.

आवाज तुटतो तो वेगामुळे नव्हे, तर विलंबामुळे. बोलणे सहज वाटावे यासाठी आवाज एका बाजूकडून दुसरीकडे १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा संकेत आहे. धावत्या गाडीत फोन टॉवर बदलतो, पाकिटे मागेपुढे होतात आणि उशिरा आलेले पाकीट अ‍ॅप टाकून देते, कारण निघून गेलेल्या अक्षराचा पुढे उपयोग नसतो. स्टेशनच्या वाय-फायवरून मोबाइल डेटावर जाताना तर फोनचा इंटरनेटवरचा पत्ताच बदलतो. तेव्हा बोलायचे असेल, तर गाडीत चढण्यापूर्वीच वाय-फाय बंद करावे.

प्रश्न : एका ओळखीच्या गृहस्थांनी आमच्या रिकाम्या खोलीत इंटरनेट कॉलिंगची एक पेटी ठेवण्याची विनंती केली आहे. तिच्यात ३२ सिमकार्डे आहेत. वीज आणि इंटरनेट आमचे, दरमहा भाडे त्यांचे. यात काही गैर आहे का?
(वाचक, कळवा)

उत्तर : आहे, आणि फार गंभीर आहे. या पेटीला सिम बॉक्स म्हणतात. परदेशातून आलेला फोन इंटरनेटवरून गुपचूप या पेटीपर्यंत आणला जातो आणि इथल्या सिमकार्डावरून स्थानिक फोन म्हणून पुढे लावला जातो. त्यामुळे आंतरराष्ट्रीय फोनचे शुल्क बुडते, आणि ज्याला फोन येतो त्याला +९१ चा साधा नंबर दिसतो. फसवणूक करणाऱ्यांना हेच हवे असते. अशी बेकायदा एक्स्चेंज ठाणे जिल्ह्यातही पोलिसांनी पकडलेली आहेत. परवान्याविना दूरसंचार सेवा चालवणाऱ्यास दूरसंचार अधिनियम, २०२३ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पेटी आपल्या खोलीत आणि इंटरनेट आपल्या नावावर असल्याने तपास प्रथम आपल्याच दारात येईल.

गृहस्थांना स्पष्ट नकार द्यावा. पेटी आधीच ठेवली गेली असेल, तर तिला हात न लावता, तार न काढता जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवावे. त्यांनी आपल्याकडून आधार कार्डाची प्रत नेली असल्यास संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत, ते तपासावे. अनोळखी नंबर दिसल्यास ‘हा माझा नाही’ अशी नोंद तिथेच करता येते.