राणीचा चेहरा कॅमेऱ्यानं कुठं सोडला, ते आधी शोध

नागपूर,
तान्हा पोळा

बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझं सात पानांचं पत्र दोनदा वाचलं. सिंहासनासाठी झगडणाऱ्या राजघराण्यांच्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेचे आठही सीझन संपवून तू चिडली आहेस आणि कॉलेजच्या अंकासाठी लिहायला बसली आहेस. ‘सगळ्या बायकांची वाट लावली’ हे वाक्य पत्रात पाच वेळा आलंय. चीड रास्त आहे, ती जाऊ देऊ नकोस. पण ‘वाट लावली’ म्हटल्यावर वाचणारा लगेच विचारणार, कोणत्या भागात, कोणत्या मिनिटाला, कोणाच्या निर्णयानं? तिथं उत्तर नसेल तर तो म्हणेल, ‘तुझी आवडती राणी मेली म्हणून रडतेस.’ आणि विषय तिथंच मिटेल.

म्हणून आधी तक्रारी वेगळ्या कर. ड्रॅगनवाल्या राणी डनेरिसनं शरण आलेलं शहर जाळलं, तिची सखी मिसांडे हिचं शत्रूनं डोकं उडवलं, स्टार्क घराण्यातल्या सान्सावर अत्याचार झाला, हे तू एका दमात लिहिलंयस. तिन्हींचं दुखणं निराळं आहे. एकीत कारण अपुरं पडतं, दुसरीत एका बाईचं मरण दुसऱ्यांच्या कथेला इंधन म्हणून वापरलं जातं, तिसरीत दुःख एकीचं आणि कॅमेरा दुसऱ्यावर. तिन्ही एकाच शब्दात कोंबलीस तर एकही सिद्ध होणार नाही.

डनेरिसपासून सुरुवात कर, कारण सगळ्यात जास्त वाद तिच्यावरच होईल. आठव्या सीझनचा पाचवा भाग, 12 मे 2019 ला आलेला, तीन बैठकांत बघ. पहिल्यांदा न थांबता. दुसऱ्यांदा दर दृश्याला थांबून. तिसऱ्यांदा आवाज बंद करून, फक्त चेहरे बघत. एका वहीत आडवं पान घेऊन सहा रकाने आख: भाग आणि मिनिट, दृश्यात कोण, तिला काय हवंय, निर्णय कोणाचा, परिणाम कोणाच्या वाट्याला, आणि दृश्य कोणाच्या चेहऱ्यावर संपतं. सव्वा तासाच्या भागाला चार तास सहज जातात. एका दिवसात एकच भाग घे, थकलेल्या डोळ्यांनी केलेल्या नोंदी नंतर खोट्या ठरतात.

तिसऱ्या बैठकीत एक गोष्ट दिसेल. शरणागतीच्या घंटा वाजतात, ड्रॅगनवर बसलेल्या डनेरिसचा चेहरा जवळून दिसतो, ती झेप घेते, आणि मग त्या भागात तिचा चेहरा पुन्हा दिसत नाही. पुढचा सगळा विध्वंस आपण गल्लीतल्या लोकांकडून, सान्साची बहीण आर्या हिच्याकडून, शत्रू राणी सर्सी आणि तिचा भाऊ जेमी यांच्याकडून पाहतो. मालिकेतला सगळ्यात मोठा निर्णय एका स्त्रीनं घेतला आणि घेताक्षणीच तिला चौकटीबाहेर काढलं. शेवटच्या भागात ती का अशी झाली हे आधी तिचा सल्लागार टिरियन तिचा प्रियकर जॉन याला कोठडीत समजावून सांगतो. सैन्यापुढं ती विजयाचं भाषण करते, पण स्वतःची बाजू सांगायला तिला मिळतं ते सिंहासनाच्या दालनात, जॉनचा सुरा बसायच्या जरा आधी. सहाव्या रकान्यात हे लिहिलंस की तुझ्या सात पानांपेक्षा ती एक ओळ जड होईल.

आता समोरची बाजू. लोक म्हणतील, ती पहिल्यापासून तशीच होती. त्यांच्याकडे पुरावे आहेत आणि ते तूच आधी मांड. पहिल्या सीझनमध्ये भाऊ मरतो तेव्हा ती शांतपणे बघते. चौथ्यात मीरीन शहराच्या 163 गुलाममालकांना खांबांवर ठोकते. सातव्यात शत्रुपक्षाच्या टार्ली बापलेकांना जाळते. ‘मग भीतीच सही’ असं आठव्याच्या पाचव्या भागात जॉनला तिनं सांगितलंयही. म्हणजे बीज होतं, ते नाकारू नकोस. तुझा मुद्दा त्यापुढचा आहे. आजवर तिनं मारलं ते बहुतेक झुकायला नकार देणाऱ्यांना, दगा देणाऱ्यांना किंवा अत्याचार करणाऱ्यांना. इथं समोरचे शरण आलेले आहेत. या दोहोंमधली पायरी कुठल्या दृश्यात आहे? ती शोध. सापडली नाही तर ‘इथं एक दृश्य हवं होतं’ असं लिही आणि त्या दृश्यात काय असायला हवं होतं ते चार ओळींत सांग. ‘पात्र बिघडवलं’ म्हणण्यापेक्षा ‘चौथ्या आणि पाचव्या भागाच्या मध्ये हे दृश्य गाळलंय’ हे कोणालाही तपासता येतं.

दृश्य का गळलं, याचा अंदाज भागांच्या संख्येवरून येतो. पहिले सहा सीझन प्रत्येकी 10 भागांचे, सातवा 7 चा, आठवा 6 चा, एकूण 73. शेवटच्या सीझनमध्ये तिच्यावर काय काय आदळतं ते मोज: तिसऱ्या भागात तिचा विश्वासू जोरा गेला, चौथ्यात एक ड्रॅगन आणि मिसांडे, त्यातच जॉनच्या जन्माचं रहस्य आणि त्याचा दुरावा. पूर्वी ज्यासाठी एखादा सीझन मिळाला असता ते दोन-तीन भागांत उरकलंय. घाईचा फटका सगळ्याच पात्रांना बसला, हेही मान्य कर. पण वेळ कमी पडतो तेव्हा कोणाचं अंतर्मन आधी कापलं जातं, हे तुझ्या तक्त्यात आपोआप दिसेल. सर्सी घे. सहाव्या सीझनच्या अखेरीस सगळे विरोधक एका स्फोटात उडवणारी ही बाई शेवटच्या सीझनमध्ये बहुतेक वेळ खिडकीशी उभी आहे. तिचा तिसरा, ‘काय हवंय’चा रकाना भरायला गेलीस तर पेन थांबेल.

सान्साचं प्रकरण जपून हाताळ. पाचव्या सीझनच्या सहाव्या भागात, 2015 साली, क्रूर रॅमसेशी तिच्या लग्नाच्या रात्रीचा अत्याचार दाखवला. मूळ कादंबरीत रॅमसेशी लग्न होतं ते जेन पूल नावाच्या मुलीचं, तिला आर्या म्हणून उभं केलेलं असतं. सान्सा तिथं नसतेच. म्हणजे हा प्रसंग तिच्या वाट्याला पटकथेनं आणून दिला. असं करायला हरकत नाही, रूपांतरात पात्रं जोडली जातात. पण जोडल्यावर ते दुःख तिचं करायचं असतं. इथं दृश्य संपतं, बळजबरीनं तिथं उभं केलेल्या थिऑनच्या चेहऱ्यावर. ती किंचाळते आणि आपण बघतो ते त्याला काय वाटतंय. अंगावर येणारं दृश्य दाखवायचं टाळलं हे चांगलंच, असं कोणी म्हणेल. मग तिचाच चेहरा का नाही, एवढंच विचार. पुढं आठव्या सीझनच्या चौथ्या भागात ती हाऊंड या योद्ध्याला जे सांगते त्याचा अर्थ असा होतो की तिला रॅमसेच्या हाती देणारा लिटलफिंगर आणि रॅमसे नसते तर ती जन्मभर चिमणीच राहिली असती. हे वाक्य शब्दशः उतरवून घे. अत्याचार हीच शिकवणी, असा हिशेब त्यात बसलाय. ती टिकली, शिकली, शेवटी उत्तरेची राणी झाली ते तिच्या निरीक्षणामुळे आणि चिकाटीमुळे, आणि याचे पुरावे आधीच्या सीझनमध्ये भरपूर आहेत. ते गोळा कर.

मिसांडेसाठी दोनच नोंदी पुरतील. आठव्या सीझनच्या दुसऱ्या भागात ती प्रियकर ग्रे वर्मशी नाथ या आपल्या बेटावर जायचं बोलते. हा तिचा तिसरा रकाना, तिला काय हवंय. चौथ्या भागात ती साखळदंडात मरते, आणि गुलामीतून सुटून आलेल्या, मुख्य पात्रांमधल्या या एकट्या कृष्णवर्णी स्त्रीला पुन्हा साखळ्यांतच उभं केलंय, याकडे जगभर लोकांनी बोट दाखवलं. सहाव्या भागात नाथला निघतो तो ग्रे वर्म. तिची इच्छा त्याची कथा झाली आणि तिचं मरण डनेरिसच्या रागाचं कारण. या प्रकाराला कॉमिक्सच्या जगात नाव आहे. लेखिका गेल सिमोन यांनी 1999 मध्ये अशा स्त्री पात्रांची यादी केली होती, नायकाच्या मैत्रिणीला मारून फ्रिजमध्ये कोंबल्याच्या एका प्रसंगावरून त्या यादीला ‘विमेन इन रेफ्रिजरेटर्स’ हे नाव दिलं होतं. तुला दुसरं उदाहरण हवं असेल तर ‘द व्हील ऑफ टाइम’चा 2021 चा पहिला भाग बघ. कादंबरीत त्या वेळी पेरिन या तरुण नायकाचं लग्नच झालेलं नाही. मालिकेनं त्याच्यासाठी बायको निर्माण केली आणि पहिल्याच भागात त्याच्या हातून चुकून मारली.

तू बेकडेल कसोटी लावून मालिका नापास केलीस. तसं करू नकोस. अ‍ॅलिसन बेकडेल यांच्या 1985 च्या चित्रपट्टीतून आलेली ती कसोटी तीनच गोष्टी विचारते: दोन बायका आहेत का, त्या एकमेकींशी बोलतात का, पुरुषाखेरीज दुसऱ्या विषयावर बोलतात का. शंभर चित्रपट समोर ठेवले तर त्यातून उद्योगाचं चित्र दिसतं. एका पात्राला न्याय मिळाला की नाही हे ती सांगू शकत नाही. पडद्यावरची मिनिटं मोजण्याचंही तेच, मिनिटं भरपूर आणि निर्णय शून्य असं पात्र तुला हवं तितकं सापडेल. तुझा खरा रकाना चौथा आहे, निर्णय कोणाचा. ‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’च्या दुसऱ्या सीझनचा पहिला भाग, 2024 चा, त्याच्यावर तपासून बघ. मूळ ग्रंथात मारेकरी राणी हेलेनाला दोन मुलांमधून एक निवडायला लावतात. ती धाकट्याचं नाव घेते आणि ते थोरल्याला मारतात. ती निवड तिला पुढं पोखरत राहते. मालिकेत धाकटा मुलगाच नाही. मग तिच्यापुढं उरतं ते जुळ्यांपैकी मुलगा कोणता हे दाखवणं. प्रसंग तितकाच क्रूर, पण आईच्या वाट्याची भयंकर निवड गेली आणि तिच्याबरोबर पात्राचा कणाही. मिनिटं मोजून हे कधी कळलं नसतं.

पडद्यामागचं एका परिच्छेदात उरक. 73 भागांपैकी 4 भाग एका स्त्रीनं, मिशेल मॅकलारेन यांनी दिग्दर्शित केले, तेही तिसऱ्या-चौथ्या सीझनमध्ये. लेखनाच्या श्रेयात व्हनेसा टेलर यांचे 3 भाग आणि जेन एस्पेन्सन यांचा एक, तोही भागीदारीत. तिसऱ्या सीझननंतर एकाही स्त्रीचं नाव नाही. आकडे दे आणि थांब. ‘म्हणूनच असं झालं’ हे या आकड्यांवरून सिद्ध होत नाही, आणि तू ते लिहिलंस तर उरलेल्या लेखावरचा विश्वासही डळमळेल.

चुका होतात त्या बहुतेक पुढच्या टप्प्यावर. अभिनेत्रींवर राग काढू नकोस; त्यांना मिळालेल्या पानांवर त्यांनी जिवापाड काम केलंय. तलवार हातात आली म्हणजे बाई ‘खंबीर’, हा तुझा निकष काढून टाक. लढवय्या ब्रिएनला सरदारकी मिळते तो आठव्या सीझनच्या दुसऱ्या भागातला प्रसंग उत्तम आहे, पण तिचं चौथ्या भागात अंगणात रडणं हा दोष नव्हे. खंबीर बाई रडते. दोष असेल तर तो इतकाच, की शेवटच्या भागात ती सरदारांच्या नोंदींच्या पुस्तकात जेमीचं पान भरते आणि तिचं स्वतःचं मन आपल्याला कळत नाही. आणि सगळ्या स्त्रिया सद्गुणी, विजयी, जिवंत राहाव्यात अशी मागणी तर मुळीच करू नकोस. डनेरिस खलनायिका झाली ही तक्रार नाही, तिला खलनायिका व्हायला जागा दिली नाही ही आहे. आठवा सीझन नव्यानं करा म्हणून 15 लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. त्यानं एक दृश्यही बदललं नाही. तुझ्या लेखात ‘पुन्हा करा’ हे शब्द नकोत.

आज मारबत निघेल, वाईटाचे पुतळे मिरवून जाळायची आपली मिरवणूक. इतवारी-महालात ‘घेऊन जा गे मारबत’चा गजर होईल आणि काळ्या मारबतीबद्दल पुन्हा तेच सांगितलं जाईल, नागपूरच्या राजघराण्यातली बाकाबाई भोसले इंग्रजांना मिळाली म्हणून तिचा निषेध. लहानपणापासून तू हे ऐकत आलीस. 1816 मध्ये इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला तो आप्पासाहेब भोसल्यांनी, आणि तेच आप्पासाहेब पुढच्या वर्षी सीताबर्डीवर इंग्रजांशी लढले. त्यांच्या तहामागची अडचण इतिहासात नोंदली गेली, त्यांची घालमेलही. बाकाबाईनं जे केलं ते का केलं, तिच्यापुढं दुसरे कोणते रस्ते होते, हे मिरवणुकीतल्या पुतळ्याला विचारता येत नाही. मारबत मला प्रिय आहे, ती आपल्या शहराची आहे, ती बंद व्हावी असं मी म्हणत नाही. पण ‘वेडी राणी’ कशी तयार होते हे वाचकाला समजावायचं असेल तर मालिकेतल्या वेस्टेरोसपर्यंत जायची गरज नाही. लेखाची सुरुवात इथून कर. नागपूरचा वाचक पहिल्याच परिच्छेदात तुझ्याबरोबर येईल, मालिका पाहिलेली नसली तरी.

लेख 1200 शब्दांच्या वर नेऊ नकोस. मारबत 150, डनेरिस 500, सान्सा 250, मिसांडे 150, उरलेल्यात आकडे आणि प्रतिवाद. हेलेना मोहात पाडेल, पण तिला ठेवायचं तर दुसरं कोणीतरी काढावं लागेल. दर दाव्यापुढं सीझन आणि भाग लिही. विशेषणं खोडत जा. ‘घृणास्पद’, ‘लाजिरवाणं’ हे शब्द वाचकाला स्वतःहून सुचले पाहिजेत. मग आठ-दहा जणांना वाचून दाखव, त्यात निदान तिघं शेवट आवडलेले असू देत. ते जिथं अडवतील तिथं पेन्सिलीनं खूण कर, घरी येऊन ते दृश्य पुन्हा बघ. ते बरोबर निघाले तर वाक्य बदल.

कॉलेजचा अंक छापून आला की तोच लेख थोडा वाढवून विदर्भ साहित्य संघाच्या ‘युगवाणी’कडे पाठवायचा विचार कर. पण आधी तक्ता. चौथा आणि पाचवा भाग पूर्ण झाले की वहीच्या पानांचे फोटो पाठव. लेखाचं एकही वाक्य त्याआधी लिहू नकोस. आईबाबांना नमस्कार सांग.

तुला आशीर्वाद.